दोन गॅलन गाजरांवरची बंदी उठवा: मिशिगनच्या नॅचरल रिसोर्सेस कमिशनला खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
नॅचरल रिसोर्सेस कमिशन, मिशिगन राज्य,
लान्सिंग

सप्रेम नमस्कार.

३१ जानेवारी २०१९ पासून आमच्या लोअर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या दक्षिणेकडच्या भूभागात, हरणांना शिकारीसाठी आमिष म्हणून गाजरं-मका घालायला आणि एरवीही खाऊ घालायला जवळपास सरसकट बंदी आहे; कारण हरणांमध्ये पसरणारा सीडब्ल्यूडी हा जीवघेणा रोग. त्यातली आमिषाची बंदी उठवावी आणि तिच्या जागी मोजकं, ठरावीक मुदतीचं आणि रोगाच्या तपासणीशी बांधलेलं आमिष परवान्याने घालू द्यावं, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयात वेगळी पोचेल. मराठीत लिहितोय ते ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्सपासून ग्रँड रॅपिड्सपर्यंत राहणाऱ्या आपल्या माणसांनीही वाचावं म्हणून. हा नियम त्यांच्या परसदारालाही लागू आहे, आणि हरणाची शिकार म्हटलं की त्यांच्यातल्या बहुतेकांचं मत ऐकण्याआधीच ठरलेलं असतं.

ते साहजिक आहे. आम्ही ज्या देशातून आलो तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळाला आणि काळविटाला संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं, कारण तिथे जंगल कमी आणि जनावर त्याहून कमी. इथली गोष्ट उलटी आहे. मिशिगनमध्ये पांढऱ्या शेपटीची हरणं २० लाखांच्या घरात आहेत. लांडगे टिकून आहेत ते वरच्या अप्पर पेनिन्सुलात. खाली आमच्याकडे पूर्ण वाढलेल्या हरणाला माणूस आणि मोटार सोडली तर फारसा शत्रू नाही. दरवर्षी ५०,००० हून जास्त वेळा गाडी आणि हरीण यांची टक्कर होते. आपल्यातल्या किती घरांनी ऑक्टोबरच्या एखाद्या संध्याकाळी पुढचा बंपर आणि दिवा बदलून घेतलाय, ते ज्याचं त्याला माहीत आहे. हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम इथे परवाना काढलेला शिकारी करतो, आणि तुमच्या खात्याच्या वन्यजीव कामाचा मोठा खर्चही त्याच्याच परवान्याच्या पैशांतून निघतो. तो शिकारी कमी होतोय. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हा आकडा साडेसात लाखांच्या वर होता, आता तो सहा लाखांच्या आत आलाय. माझा सगळा मुद्दा या घसरणीशी बांधलेला आहे.

माझ्या शेजारी एक गृहस्थ राहतात. सत्तरी ओलांडलेली, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सहा एकरांचा लांबट तुकडा, मागच्या बाजूला ओढा. गुडघे गेलेत, त्यामुळे झाडावरच्या मचाणावर चढणं बंद झालं. जमिनीवरच कापडी आडोसा लावतात, आत घडीची खुर्ची, आणि क्रॉसबो मांडीवर. बंदीच्या आधी ते आमिष कसं घालायचे ते मी शेजारी उभं राहून पाहिलंय. एका बादलीवर त्यांनी दोन गॅलनची, म्हणजे साधारण साडेसात लिटरची, काळी रेघ मारून ठेवली होती. रेघेपर्यंत गाजरं आणि वर ओंजळभर मका. ते सगळं आडोशापासून वीसेक यार्डांवर हाताने भिरकावून पसरायचं. ढीग करायचा नाही. एक गाजर इथे, एक तिथे, गवतात शोधून खावं लागेल असं.

दिवस कलला की माद्या यायच्या. पहिली मादी थेट गाजरापाशी कधीच येत नाही. झाडीच्या कडेला थांबते, वाऱ्याकडे नाक धरते, पुढचा खूर जमिनीवर आपटते. मान खाली घालून खाल्ल्याचं सोंग करते आणि झटकन वर बघते. एवढं सगळं झाल्यावर खरं खायला लागते. तेव्हा ती बाजूने उभी असते, शांत, पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकलेला. खांद्यामागची फुफ्फुसाची जागा उघडी पडते ती याच क्षणी. बाण तिथे बसला तर हरीण थोडकं धावून पडतं, तडफडत नाही. आणि याहून महत्त्वाचं म्हणजे बघायला वेळ मिळतो. सोबत पाडस आहे का? मादीच आहे ना, की त्याच वर्षी जन्मलेला नर, ज्याच्या डोक्यावर शिंगांऐवजी अजून केसांखाली दडलेल्या दोन गाठीच आहेत? माझ्यादेखत त्यांनी असा गाठीवाला नर ओळखून क्रॉसबो खाली ठेवलाय. झाडीतून चालत जाणारं, अर्धं फांद्यांआड असलेलं हरीण एवढा वेळ देत नाही. त्याच्यावर घाईने सोडलेला बाण पोटात लागतो, आणि मग रात्री बॅटरी घेऊन रक्ताचे थेंब शोधत शेजाऱ्यांच्या रानातून हिंडावं लागतं. ज्यांना हरणाची कणव आहे, त्यांनी आमिषाचा विचार करताना हेही धरावं.

हे गृहस्थ हंगामात एखाद-दुसरी मादी मारायचे. मांस त्यांच्या फ्रीझरमध्ये, मुलीकडे आणि आमच्याकडेही. (आमच्या घरी ते कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजतं. चरबी नसलेलं मांस आहे, मंद आचेवर वेळ द्यावा लागतो.) बंदीनंतर दोन हंगाम ते नुसते बसून आले. आता त्यांनी परवाना घेणं सोडलंय. त्यांच्या सहा एकरांतून दरवर्षी कमी होणाऱ्या माद्या आता कमी होत नाहीत. मादी मारली गेली तरच कळपाची वाढ थांबते हे तुमचे जीवशास्त्रज्ञ दरवर्षी सांगतात, जास्त माद्या मारा म्हणून आम्हाला आवाहनही करतात. आवाहन ऐकणाऱ्याच्याच हातातलं साधन काढून घेतलं गेलंय.

तुम्ही म्हणाल, अपंग शिकाऱ्यांना लिबर्टी आणि इंडिपेन्डन्स हंट या खास शिकारीच्या दिवसांत सूट आहे. आहे, आणि ती दिलीत हे चांगलंच केलंत. पण झिजलेले गुडघे त्या सवलतीच्या अटीत बसत नाहीत, आणि ते दिवसही मोजकेच. शिवाय त्या सवलतीमागे एक गोष्ट तुम्ही मान्य केलेली दिसते: थोडं, पसरून घातलेलं, थोड्या दिवसांचं आमिष चालण्याजोगं आहे. अप्पर पेनिन्सुलातही तुम्ही तेच मान्य करता. तिथे १५ सप्टेंबर ते १ जानेवारी या काळात एका ठिकाणी दोन गॅलनपर्यंत, किमान १० फूट बाय १० फूट जागेत पसरून आमिष घालता येतं. २०१८ साली तिथल्या डिकिन्सन काउंटीत सीडब्ल्यूडी झालेली मादी सापडली, तरी वरच्या बहुतांश भागात हा नियम चालूच राहिला. दोन्ही भूभागांना जोडणारा मॅकिनॉचा पूल ओलांडून खाली आलं की तेच दोन गॅलन गुन्हा ठरतात.

रोग खरा आहे. त्यावर मला वाद घालायचा नाही, आणि जे माझ्या बाजूचे लोक हा रोग म्हणजे सरकारी बागुलबुवा आहे म्हणतात त्यांच्याशी माझं पटत नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सीडब्ल्यूडी, पहिल्यांदा दिसला तो १९६७ साली कोलोरॅडोत, पिंजऱ्यातल्या हरणांमध्ये. बिघडलेल्या प्रथिनाने, प्रिऑनने, होणारा हा आजार. मेंदूची चाळण होते, हरीण खंगत जातं, लाळ गाळत भरकटतं आणि मरतं. औषध नाही, लस नाही. लागण झाल्यावर वर्ष-दीड वर्ष किंवा जास्त काळ हरीण धडधाकट दिसतं आणि त्या काळातही लाळ, मूत, विष्ठा यांतून प्रिऑन टाकत राहतं. ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण लागण निघालेलं मांस खाऊ नका असा सल्ला आहे आणि तो मी पाळतो. एका ढिगावर दहा हरणांची तोंडं लागली तर लाळेची देवाणघेवाण होते हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

ईशान्य मिशिगनमधला धडाही मला माहीत आहे. १९९४ साली अल्पेना भागात शिकार झालेल्या हरणात गुरांचा क्षयरोग सापडला आणि पुढे तो जंगलात ठाण मांडून बसल्याचं कळलं. तिथे मोठमोठ्या शिकारी क्लबांच्या जमिनींवर कित्येक दशकं ट्रकच्या ट्रक बीट आणि गाजरं ओतली जात होती, हिवाळाभर. नैसर्गिकपणे जेवढी जगली असती त्याच्या कितीतरी पट हरणं त्या ढिगांवर पोसली गेली, आणि तो रोग दुभत्या गाईंपर्यंत पोचला. तिथल्या शेतकऱ्यांचे कळपच्या कळप मारावे लागले. त्या काउंट्यांमध्ये बंदी राहू द्या. त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही.

पण ट्रक आणि बादली यांना एकच कलम लावणं हे शास्त्र नव्हे.

मी राहतो तो भाग सॅगिनॉ खोऱ्याच्या पश्चिम टोकाचा. मका, सोयाबीन आणि शुगर बीट. ऑक्टोबरात बीटची उचल सुरू झाली की भरलेल्या ट्रकांतून वळणावळणाला बीट गळतात. रस्त्याच्या कडेला डोक्याएवढाले बीट पडून राहतात, आणि रात्री त्यांच्यावर हरणं असतात. एक बीट तीन-तीन हरणं कुरतडतात; सकाळी त्यावरचे दातांचे चर दिसतात. शेतात काढणीनंतर मक्याची कणसं उरतात, सफरचंदाच्या बागेत खाली सडा पडतो. ही सगळी हरणं याच खाण्यावर नाकाला नाक लावून जमतात, शेकडो एकरांवर, आणि त्यात बेकायदा काहीच नाही, असू शकतही नाही. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे ज्याच्याकडे ऐंशी एकर आणि ट्रॅक्टर आहे, तो मुद्दाम हरणांसाठी क्लोव्हर, सलगम, मुळा यांचा वाफा पेरतो, त्याच्या टोकाला मचाण बांधतो आणि त्यावर बसून शिकार करतो. तेही पूर्ण कायदेशीर. तो वाफा महिनोन् महिने उभा असतो, त्याच पानांवर तीच हरणं रोज तोंड घालतात, तिथेच मुततात. माझ्या शेजाऱ्याच्या सहा एकरांत ओढा आणि झाडं जाऊन वाफा पेरायला जागाच उरत नाही. त्याच्याकडे बादली होती.

जमीन असणाऱ्याला मोकळीक आणि नसणाऱ्याला दंड, असा हा नियम प्रत्यक्षात उतरलाय. तसा हेतू होता असं मी म्हणत नाही. पण सात वर्षांत ही विषमता दूर करायचा प्रयत्न झालेला मला दिसला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बंदीने रोग थांबतो का, याचं उत्तर शोधायला विस्कॉन्सिनकडे बघावं लागतं, कारण तिथे आपल्यापेक्षा जास्त काळ गेलाय. फेब्रुवारी २००२ मध्ये माउंट होरेबजवळ तिथली पहिली प्रकरणं निघाली. डेन, आयोवा या काउंट्यांमध्ये आमिषावर आणि खाऊ घालण्यावर तेव्हापासून बंदी आली. आज त्याच नैऋत्य भागात तपासलेल्या प्रौढ नरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त रोगी निघतात. बंदी नसती तर याहून वेगाने पसरला असता, असं तुमचे तज्ज्ञ म्हणतील. असेलही, ते मी नाकारत नाही. पण हरणं एकमेकांना चाटतात, माद्या आणि पाडसं कळपाने राहतात, एकाच फांदीला अनेक नर थुंकी आणि डोळ्याजवळचा स्राव घासून जातात. मातीत आधीच प्रिऑन आहेत. एवढ्या वाटा उघड्या असताना एक छोटी वाट बंद करून किती रोग अडला, आणि त्यापायी किती शिकारी घटले, हा हिशेब मांडायला हवा होता. तो जाहीरपणे मांडलेला मी कुठे वाचलेला नाही. आपल्याच राज्यात २००८ साली केंट काउंटीत बंदिस्त हरणात सीडब्ल्यूडी निघाल्यावर तुम्ही अशीच बंदी घातलीत आणि २०११ मध्ये ती बहुतेक भागांतून मागे घेतलीत. २०१५ मध्ये मेरिडियन टाउनशिपमध्ये मोकळ्या हरणात रोग सापडला आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा बंदी. घालणं, काढणं, पुन्हा घालणं, यातून लोकांचा नियमावरचा विश्वास उडतो.

आणि विश्वास उडाल्यावर काय होतं ते दर शरद ऋतूत उघड्यावर दिसतं. महामार्गालगतच्या पेट्रोल पंपांवर नारिंगी गाजरांच्या पोत्यांच्या राशी लागतात, शेजारी बीट, शेजारी मका. विक्रीला बंदी नाही, कारण विकणारा काही गुन्हा करत नाही. विकत घेणारा पोती गाडीत टाकून जातो. ती सगळी घोड्यांच्या तोंडी जातात असं कोणीच मानत नाही. ८३ काउंट्यांसाठी तुमच्याकडे सुमारे २५० कॉन्झर्व्हेशन ऑफिसर आहेत, आणि त्यांना तळी, नद्या, बोटी, स्नोमोबाइल सगळंच सांभाळायचंय. ते कोणाकोणाच्या झाडीत शिरून गाजरं मोजणार? म्हणजे नियम पाळणारा माझ्या शेजाऱ्यासारखा माणूस खेळातून बाहेर पडलाय आणि न पाळणारा पूर्वीसारखाच ढीग घालतोय, आता तर कुठलीच मर्यादा न ठेवता, कारण दोन गॅलनही गुन्हा आणि वीसही गुन्हा. वर असा माणूस आपल्या हरणाचं डोकं तपासणीला आणून देईल का? मला जे दिसतं त्यावरून सांगतो, तो तपासणी केंद्राच्या जवळपासही फिरकत नाही. रोग कुठे पोचलाय हे कळायला तुम्हाला सगळ्यात जास्त गरज असते ती नेमकी त्या डोक्यांची.

म्हणून माझी सूचना अशी आहे. लोअर पेनिन्सुलात, क्षयरोगाच्या काउंट्या वगळून, आमिषाचा वेगळा परवाना काढा. मर्यादा अप्पर पेनिन्सुलाचीच ठेवा, दोन गॅलन आणि १०० चौरस फुटांत पसरलेलं. मुदत मात्र तिथल्यापेक्षा कमी, १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो तेव्हापासून ३० नोव्हेंबरला बंदुकीचा मुख्य हंगाम संपेपर्यंत. मिठाचे आणि खनिजांचे दगड अजिबात नकोत, कारण ते एकाच जागी वर्षभर चाटले जातात. आणि मुख्य अट ही की आमिषावर मारलेल्या प्रत्येक हरणाचं डोकं तपासणीसाठी द्यायचं. नाही दिलं तर पुढच्या वर्षी परवाना नाही. डोकं देणं फार कठीण नाही. मान कापून पिशवीत घालायचं, परवान्याचा टॅग बांधायचा, नाव-गाव आणि मारल्याची जागा लिहायची, पेटीत टाकायचं. घशामागच्या लसिकाग्रंथी काढून प्रयोगशाळेला पाठवायचं काम खात्याची माणसं करतात, निकाल नंतर समजतो. आम्ही हे करतोच. परवान्याच्या शुल्कातून तपासणीचा खर्च निघावा. ते शुल्क द्यायला मी तयार आहे आणि माझ्यासोबत बसणारे सगळे तयार आहेत.

यातून तुम्हाला आज मिळत नाहीत ते नमुने मिळतील, तेही लहान तुकड्यांच्या जमिनींवरून आणि गावांच्या कडेवरून, जिथे आज तुमची नजर कमीत कमी पोचते. एखाद्या टाउनशिपमध्ये रोग वाढताना दिसला तर तिथला परवाना त्याच वर्षी थांबवा. त्याला माझी हरकत नसेल, कारण तेव्हा तुमच्या हातात आकडे असतील आणि ते आम्हीच आणून दिलेले असतील.

परसदारी खाऊ घालण्याबद्दल मराठी मंडळींना दोन शब्द. डेकवरून मक्याचे दाणे टाकायचे, जानेवारीभर पाडसांचे फोटो काढायचे, हे माया म्हणूनच होतं हे मला कळतं. दारी आलेल्याला काहीतरी द्यावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण त्या बंदीच्या विरोधात मी उभा राहणार नाही. हिवाळ्यात हरणाचं पोट फांद्या आणि कोंब पचवण्यासाठी तयार झालेलं असतं, अचानक मका मिळाला तर आम्लता वाढून ते भरल्या पोटी मरू शकतं. वर महिनोन् महिने एकाच जागी तीच हरणं, गाड्यांच्या रस्त्यालगत. शिकारीचं आमिष दोन महिन्यांचं असतं आणि त्याच्या शेवटी हरणांची संख्या घटते. खाऊ घालण्याने ती वाढते. कमिशनने या दोन गोष्टी एका वाक्यात बांधल्या, त्या सोडवाव्यात.

एक राजकीय गोष्टही स्पष्ट करतो. १९९६ साली मतदारांनी प्रपोजल जी हा सार्वमताचा प्रस्ताव मंजूर करून शिकारीचे नियम ठरवायचा अधिकार तुमच्याकडे दिला आणि तो शास्त्रीय आधारावर वापरायची अपेक्षा ठेवली. २०१९ मध्ये विधिमंडळाने बंदी उठवायचं विधेयक मंजूर केलं, तेव्हा डिसेंबरमध्ये गव्हर्नर व्हिटमर यांनी ते नाकारलं. माझे अनेक मित्र त्यामुळे संतापले. बंदी उठावी अशी इच्छा माझीही होती, तरी गाजरं किती घालावीत हे आमदारांनी मतं मोजून ठरवावं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. म्हणून मी आमदाराच्या दारात न जाता तुमच्याकडे आलोय. हा निर्णय तुम्हीच घ्यायचाय, सात जणांनी, आकडे समोर ठेवून.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा परवाना चर्चेला घ्या. सगळीकडे एकदम नको असेल तर रोगाची नोंद नसलेल्या तीन-चार काउंट्या निवडा आणि तीन हंगाम करून बघा: किती परवाने गेले, किती माद्या मारल्या गेल्या, किती डोकी आली, शेजारच्या बंदी असलेल्या काउंट्यांच्या तुलनेत काय फरक पडला. ते आकडे जाहीर करा. बैठकीत बोलायला मला वेळ द्याल तर मी लान्सिंगला येईन, आणि शेजाऱ्यांचे गुडघे त्या दिवशी बरे असले तर त्यांनाही घेऊन येईन.

आपला,
मध्य मिशिगनमधला एक परवानाधारक शिकारी